घेवड्याचं शून्य झालं त्याची हकीकत

तीर्थस्वरूप दाजी यांना,

क्योतोहून धाकट्या मेहुण्याचा, कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (फार वाकावंही लागत नाही. तीस वर्षं ठेंगण्या मेजावर भिंतीवर टांगायच्या पटांना अस्तरं लावून मी मुळातच नमस्काराच्या अवस्थेत असतो. फक्त तोंड तुमच्या त्सुरुगाकडे केलं की झालं.) तुमचा गुडघा दुखतो असं आक्काने लिहिलं होतं, पण कोणता ते लिहिलं नाही. आक्काचं हे लहानपणापासूनच आहे. डावा असेल तर शेक घ्यावा, उजवा असेल तर तो पूर्वीपासूनच नाटकी आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नये. तरी उलट टपाली बाजू कळवावी. खाणावळ ठीक चालली असेल. इकडे थंडी पडली. क्योतोची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, ती आभाळातून येत नाही, जमिनीतून येते आणि आधी घोटे धरते. आमच्या सौ. तात्सुची प्रकृती उत्तम आहे. विशेषतः जीभ.

पत्रास कारण असं काही नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं म्हणून लिहितो. शिवाय इकडे एक प्रकार घडला, आणि तो तात्सुच्या तोंडून आक्काला आणि आक्काच्या तोंडून तुम्हाला कळण्याआधी त्याची बिनचूक हकीकत तुमच्यापाशी असावी असं वाटलं.

मिकुरिया सर मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी वारले हे तुम्हाला माहीतच आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, विषय शून्य. आता शून्य म्हटलं की लोक हसतात, कारण त्यांना वाटतं शून्य म्हणजे एकच काय ते असतं. मी सहावीत शाळा सोडली, पण सरांच्या जाहीर व्याख्यानांना अकरा वर्षं मागून तिसऱ्या रांगेत बसलो (दुसऱ्या रांगेवर खांब आड येतो, चौथीत विद्यार्थी झोपत नाहीत म्हणून गडबड असते) आणि जुन्या बाजारातून पुस्तकं आणून, कोणी न शिकवता, हा विषय तळापर्यंत नेला. तेव्हा थोडक्यात सांगतो. दुकानात गिऱ्हाईक नाही, हा शून्याचा एक प्रकार. दुकानच नाही, हा दुसरा. आणि गिऱ्हाईक, दुकान, दुकानदार आणि त्यांचं नसणं, हे सगळंच्या सगळं ज्याच्यात मावतं, तो तिसरा. पॅरिसकडची मंडळी पहिल्या प्रकाराची. कोणी यायचा होता आणि आला नाही की त्यांना चहाच्या दुकानात बसल्या बसल्या घाम फुटतो. जर्मन लोक दुसऱ्याच्या आसपास काळजीत फिरत असतात. आणि मिकुरिया सर तिसऱ्याचे. ते कधी घामाघूम झालेले मी पाहिले नाहीत. हल्लीच्या कादंबऱ्यांतही हेच शिरलंय. पूर्वी नायक शेवटी मरत असे, आता तीनशे पानं त्याला काही होतच नाही, आणि टीकाकार म्हणतात, वा! (तात्सु म्हणते तिला फक्त पहिला प्रकार कळतो, तोही माझ्या दुकानामुळे.)

सरांची एकच अडचण होती. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नसे. कोणीही कागद पुढे केला की ते ब्रश उचलून 'शून्य' हे एकच चिनी अक्षर लिहून देत. आमच्या भागात असं घर नाही की जिथे सरांचं शून्य नाही. न्हाणीघरात आहे, नूडलवाल्याकडे आहे, दातांच्या डॉक्टरकडे तर खुर्चीच्या बरोबर समोर आहे. त्याने धीर येतो की सुटतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यातली निम्मी मी पटावर चढवली. ते अक्षर मी डोळे मिटून ओळखतो: बारा फटकारे, आणि खाली जे चार ठिपके येतात त्यातला शेवटचा नेहमी जरा लांब, जसा काही पळून चाललाय.

तर या नोव्हेंबरात सरांचं वर्षश्राद्ध. त्याच्या तीन आठवडे आधी मिकुरियाबाई माझ्या दुकानात आल्या. क्योतोच्या सात पिढ्यांच्या, त्यामुळे आधी माझ्या दारातल्या झेंडूचं कौतुक झालं, मग हवेचं, मग तात्सुच्या आवाजाचं ("रस्त्याच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू येतो हो, किती निरोगी!"), आणि मग त्यांनी रेशमी रुमालातून चार घड्यांचा एक कागद काढला. मी तो उलगडला. आणि दाजी, मी चमकलो. त्यावर शून्य नव्हतं. त्यावर 'घेवडा' लिहिलं होतं.

घेवडा. आपला साधा. नववर्षाला पाकात शिजवतात तो काळा. खाली डाव्या कोपऱ्यात सही म्हणून सरांची तांबडी मोहोर.

बाई म्हणाल्या, "उकाईराव, लग्न झाल्यापासून दर वर्षी मी हे घेवडे शिजवले. तीन दिवस लागतात. साल सुरकुतता कामा नये. रंग यावा म्हणून भांड्यात गंजका खिळा टाकावा लागतो. सेहेचाळीस वर्षं ते डाव्या हातात पुस्तक धरून खात आले. बरे झालेत, वाईट झालेत, एक शब्द नाही. मी म्हटलं, शून्याचा माणूस, त्याला काय बोलायचं? आणि त्या शेवटच्या नववर्षाला पुस्तक खाली ठेवलं, वाटी संपवली, कागद मागितला आणि हे लिहिलं. मला म्हणाले, घे."

मी म्हटलं, "फार सखोल आहे."

"सखोल नाही," बाई म्हणाल्या. "घेवडाच आहे. गावभर त्यांनी शून्य वाटलं, धूळ मी झटकली. हे एवढं एक माझं. वर्षश्राद्धाला बैठकीतल्या मोठ्या कोनाड्यात टांगायचंय. सगळे शिष्य येणार आहेत, त्यांनाही बघू दे."

त्या गेल्यावर मी अक्षराचा अभ्यास केला. 'घेवडा' सात फटकाऱ्यांत होतो. 'शून्या'ला बारा लागतात. म्हणजे काहीतरी असण्यापेक्षा काहीच नसण्याला पाच फटकारे जास्त पडतात. हा मुद्दा सरांच्या कुठल्याही पुस्तकात नाही, माझा आहे, आणि पुढेमागे कोणी तो आपला म्हणून सांगू लागला तर तुम्ही साक्षीला आहात.

आता कामाचं सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात आणि मग काहीतरी भलतं समजून बसतात. कागदाला अस्तर लावायचं म्हणजे तो आधी ओला करावा लागतो. मेजावर पालथा घालायचा, पाण्याची फवार मारायची, ब्रशने सुरकुत्या काढायच्या, मग मागून पातळ कागद खळीने चिकटवायचा. (खळ गव्हाच्या सत्त्वाची, फरशीखाली माठात दहा वर्षं मुरवलेली. माझ्या गुरूंनी मला सहा महिने शिकवलं आणि ते वारले. माठ मात्र राहिला. बाकी सगळं मी इतरांचे जुने पट उसवून शिकलो.) शाईला पाण्याने काही होत नाही. सहाणेवर कांडी उगाळून केलेली शाई एकदा कागदात मुरली की तीनशे वर्षं हलत नाही. हलते ती बाटलीतली. शाळेतली पोरं वापरतात ती, विकत मिळणारी. तिला पाणी दिसलं की ती निघाली. म्हणून ओलं करण्याआधी एका कोपऱ्यात ओला बोळा टेकवून बघायचं असतं. हे मी कोणीही विचारलं तर पहिल्यांदा सांगतो.

मी बोळा टेकवला नाही. का नाही टेकवला हे नीट समजून घ्या, कारण तात्सु आक्काला लिहील तेव्हा ते कारण त्यात नसेल. एवढे मोठे प्राध्यापक, ज्यांच्या सहाणेला त्यांच्या गुरूंचा हात लागलेला, ते बाटलीतली शाई वापरतील का? त्यांच्या अक्षराला बोळा लावायचा म्हणजे कोणी वाकून नमस्कार केला तर तो खरा आहे की नाही हे त्याच्या पाठीवर पट्टी ठेवून मोजण्यासारखं. मी तसला माणूस नाही. मी कागद पालथा घातला आणि फवार मारली.

पहिल्यांदा मेजावर एक सावली दिसली. मला वाटलं ढग आला. कागद उचलून सुलटा केला तर घेवड्याला कोंब फुटले होते. मी टीपकागद शोधेपर्यंत तो फुगला. टीपकागदाने दाबला तर पसरला. तात्सु दारात उभी होती, हात पुसत म्हणाली, "शिजला." मी तिला म्हटलं, तू आत जा. ती म्हणाली, "खिळा टाका ना, रंग येईल." अशा वेळी माणसाने काय करावं, दाजी? कागदावर एक करडा डाग उरला होता, काहीसा आठ पायांचा. मिकुरियाबाईंच्या कोनाड्यात, सगळ्या शिष्यांसमोर, सरांच्या मोहोरेखाली अष्टपाद टांगायचा? मी नेमकेपणाचा माणूस आहे. अर्धवट काही ठेवायचं नाही. मी कागद उताराच्या फळीवर घेतला आणि स्वच्छ पाणी सोडलं. डाग जाईपर्यंत सोडलं. शेवटी कागद असा पांढरा झाला की मिलमधून निघताना झाला नसेल.

मोहोर मात्र जशीच्या तशी. कारण मोहोरेची शेंदरी शाई तेलातली असते, तिला पाणी लागत नाही. आणि ती मोहोर बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोरा कागद आणि खाली सही! म्हणजे कोणीतरी काहीच लिहिलं नाही, आणि ते आपण लिहिलं नाही याची जबाबदारी घेतली. बारा फटकाऱ्यांचं शून्य हे शेवटी बारा फटकारे असतात, शून्य नसतं, हे खरं. आयुष्यभर सर ज्याच्याभोवती फिरले ते माझ्या फळीवर ठिबकत होतं. मी हे तात्सुला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "धुतलंत ते धुतलंत. आता त्याला तत्त्वज्ञान म्हणू नका."

तरी मी कबुली द्यायला निघालो, हे तिलाही नाकारता येणार नाही. रिवाजाप्रमाणे माफी मागायला जाताना जड मिठाई न्यावी, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पेटी घेतली. त्या दुकानात वड्या एकाच प्रकारच्या मिळतात, आणि त्या कशाच्या असतात हे मला बाईंच्या दारात पोचल्यावर आठवलं. लाल घेवड्याच्या. मागे फिरणार तेवढ्यात दार उघडलं. बाईंनी पेटी दोन्ही हातांनी घेतली, म्हणाल्या, "अय्या, त्यांच्यासाठी? किती आठवणीने!" आणि सरळ नेऊन सरांच्या तसबिरीपुढे ठेवली, घंटी वाजवली, हात जोडले. मीही जोडले. तसबिरीतले सर त्या वड्यांकडे बघत होते. एकदा घंटी वाजली की मग कबुली कुठे घुसवायची? बाई म्हणाल्या, "काम तुमच्या हातात आहे म्हणून मला शांत झोप लागते." मी घरी आलो आणि त्या कागदाला राखी रंगाचं किनखाप लावलं, जे मी स्वतःच्या मरणोत्तर पटासाठी बाजूला ठेवलं होतं. त्याहून जास्त माणूस काय करणार?

वर्षश्राद्धाला मी सर्वांआधी पोचायचं ठरवलं होतं, म्हणजे पट उघडण्याआधी बाईंच्या पायाशी पडता आलं असतं. पण पोचलो तर भटजी येऊन, सूत्रं म्हणून, जेवून गेलेले आणि खोली भरलेली. शिष्यांत दोन मुख्य. एक इथलेच हिराबुकी, गोल, हळू बोलणारे, सरांची गादी चालवतात. दुसरे सावातारी, हाडकुळे, तरुणपणी पॅरिसला जाऊन आले आणि तेव्हापासून तोक्योत बसून सरांविरुद्ध लिहितात. दोघे एकाच गुरूचे असून वीस वर्षं एकमेकांशी फक्त तळटिपांतून बोलतात. मी पटाची पेटी छातीशी धरून बाईंकडे सरकत होतो, तोच हिराबुकींनी "आणलं का?" म्हणून ती हातातून घेतली, दोरी सोडली आणि पट कोनाड्यात टांगून खाली सोडला.

मी बाईंकडे पाहिलं. बाई पटाकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहू शकत नाही, आणि मी सहसा लिहू शकतो.

मग हिराबुकींच्या डोळ्यांना पाणी आलं. "सरांनी शेवटी लिहिलंच," ते म्हणाले.

सावातारी पुढे झाले. "काय लिहिलं? काही लिहिलेलं नाही."

"तेच तर."

"तेच तर काय? मी तोक्योहून पाच तास गाडीत बसून सरांचं अक्षर बघायला आलो. अक्षर नाही. हे जे नाही, ते आता इथे माझ्या छातीवर बसलंय. ह्यालाच मी वीस वर्षं अभाव म्हणतोय! शेवटी सर माझ्या बाजूला आले!"

"तुझ्या छातीवर बसलंय ते गाडीतलं जेवण आहे, सावातारी. इथे काही कमी नाहीये. सगळं आहे. फक्त लिहिलेलं नाही."

"मग ही मोहोर कशाला? शून्याला सही लागते? म्हणजे आधी कोणीतरी असावं लागतं, मग काही नसतं. हे माझं तिसरं पुस्तक आहे."

"ते कोणी वाचलेलं नाही."

"तेही त्यात आहे!"

दाजी, असं दुपारभर चाललं. एकाने कोरा भाग वरच्या बाजूला अधिक खोल आहे असं म्हटलं, दुसऱ्याने पट उलटा टांगून बघावा असं सुचवलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच हिराबुकी आणि सावातारी यांचं एकमत झालं, की नको. त्या भरात ते एकमेकांना नावाने हाका मारू लागले, एकाने दुसऱ्याचा चष्मा पुसून दिला. आणि मग हिराबुकी माझ्याकडे वळले. मागून तिसऱ्या रांगेत अकरा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते झालं: ते मला वाकून नमस्कार करून म्हणाले, "उकाईराव, हे राखी किनखाप निवडणारा माणूस नुसता कारागीर नाही. तुम्हाला हे कळलं होतं." नमस्कार पूर्ण होता, अगदी कमरेतून. मी तो घेतला. घ्यायला नको होता. गरम वाटीसारखा हातात धरून बसलो, ठेवायला जागा सापडेना.

सावातारींनी विचारलं, "तुमच्या हाती आला तेव्हा कागद असाच होता?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "चार घड्या होत्या."

"पण वर काय होतं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. एवढ्यात बाई पहिल्यांदा बोलल्या. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "उशीर झालाय, मंडळी चहाभात घेऊनच जाणार ना?"

क्योतोत घरच्या बाईने चहाभाताचं विचारलं की पाहुण्याने चपला शोधायच्या असतात, हे इथल्या मांजरांनाही समजतं. खोली अशी रिकामी झाली की हिराबुकींची एक काठी मागे राहिली. सावातारी मात्र पुन्हा मांडी घालून बसले. तोक्योचं पाणी. म्हणाले, "दोन वाट्या चालतील काकू, सकाळपासून पोटात काही नाही." बाई स्वयंपाकघरात गेल्या, मी त्यांच्या मागे गेलो, त्यांनी भाताच्या भांड्याचं झाकण काढलं. आत भात नव्हता. आजवर कोणी हो म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्या प्रसंगासाठी कधी शिजवलाच नव्हता. बाहेर सावातारी जेवायच्या काड्या सरळ करून बसलेले. दहा मिनिटांनी त्यांनी आत हाक मारून विचारलं, येतंय का? मी म्हटलं, नाही. थोड्या वेळाने ते आपणहून उठून गेले, फारच विचारमग्न होऊन.

मग त्या स्वयंपाकघरात मी आणि बाई. मी गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं. क्योतोची फरशी, कपाळ बधीर झालं. बाई भांडं परत जागेवर ठेवत म्हणाल्या, "काम अगदी स्वच्छ झालंय, उकाईराव."

दाजी, मला आयुष्यात कोणी इतकं झोडपलेलं नाही.

मी सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता बाटलीतल्या शाईबद्दल जरा तावातावाने बोललो, की एवढ्या मोठ्या माणसाने पोरांची शाई वापरावी म्हणजे काय! बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "त्या वर्षी त्यांना कांडी धरवत नव्हती. बोटं वळायची नाहीत. पाण्याचा थेंबही सहाणेवर नीट पडत नसे. मी कोपऱ्यावरून पोरांची बाटली आणून दिली, झाकणही मीच उघडलं. कागद तुमच्याकडे आणला तेव्हा ते सांगावं असं मनात आलं होतं. पण कारागिराला त्याचं काम शिकवणं बरं दिसत नाही."

"आणि सरांच्या अक्षराला बोळा लावणं मला बरं दिसत नव्हतं," मी म्हटलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "दोघेही किती सभ्य!" आणि हसल्या. बाही तोंडाला लावून, पण बराच वेळ हसल्या, आणि मग ती बाही डोळ्यांना लावली. मी भिंतीवरची पळी बघत राहिलो. साधी बांबूची पळी आहे, दांड्याला सुतळी गुंडाळलेली, दुहेरी.

मग मी म्हटलं की सरांचं वळण मी अकरा वर्षं गिरवलंय, परवानगी असेल तर तसाच्या तसा घेवडा लिहून देतो, कोणाला कळणार नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा घेवडा तुमच्या बायकोला द्या," त्या म्हणाल्या. "माझा माझ्या माणसाने दिला होता." हिराबुकींना विद्यापीठाच्या मोठ्या दालनात तो कोरा पट हवाय, तो बाई देणार आहेत. "नेऊ दे. त्यांचं भांडण किती छान मिटलंय. खरं सांगायला जाऊ नका, पुन्हा तळटिपा सुरू होतील. पण उकाईराव, नववर्षाला माझा कोनाडा मोकळा राहायचा नाही. शून्य टांगायचं नाही, कोरं टांगायचं नाही. त्यांच्या हातचं काहीतरी हवंय. काहीही. पण काहीतरी." एवढं बोलून त्यांनी मला चहाभाताचं विचारलं, आणि मी उठलो.

हा असा प्रकार. मुळात दोष बाटलीतल्या शाईचा, त्यानंतर रीतीचा, आणि मग थोडासा पाण्याचा. बाकी इकडे सर्व क्षेम. आक्काला नमस्कार. गुडघ्याची बाजू कळवायला विसरू नये.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
उकाई तोमेकिची

ता. क. पत्रास कारण नाही असं वर लिहिलंय, ते एका बारीक गोष्टीपुरतं दुरुस्त करून घ्यावं. चार वर्षांपूर्वी माझ्या शब्दावरून सर हवापालटाला दोन दिवस तुमच्या खाणावळीत उतरले होते. घरी आल्यावर त्यांनी तुम्हाला एक पोस्टकार्ड पाठवलं होतं. तुम्ही ते गल्ल्यामागे खिळ्याला लावलंय आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवता. मी मागच्या खेपेला वाचलंय. 'बांगडा उत्तम होता. हिने खायला हवा होता.' एवढंच आहे. दाजी, ते कार्ड मला पाठवा. ते तुमचं भूषण आहे हे मी जाणतो, म्हणून फुकट मागत नाही; बदल्यात माझ्याकडचं सरांच्या हातचं उत्तम शून्य पाठवतो, बारा फटकारे, शेवटचा ठिपका लांब, किनाऱ्यावरच्या खाणावळीला शोभेल असं निळं किनखाप. माझ्याकडे तेवढी एकच वस्तू आहे.

ता. क. दुसरा. कार्ड कोरड्या कागदात गुंडाळून, वर मेणकापड लावून पाठवावं. शाई पक्की आहे का हे बघायला तुम्ही किंवा आक्काने ओलं बोट लावू नये. मी लावीन. बोळ्याने. कोपऱ्यात. बाईंना समोर बसवून.

ता. क. तिसरा. बाई म्हणाल्या ते मनात राहिलं म्हणून काल जेवताना तात्सुला म्हटलं, आज मुळा चांगला शिजलाय. तिने काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "आता काय धुतलंत?"

ता. क. शेवटचा. कार्ड देववत नसेल तर तसं रागावून लिहा, शिव्या द्या, स्वतः गाडीत बसून भांडायला या, येताना बांगडा आणा. उत्तरादाखल काहीच न पाठवणं तेवढं करू नका. काहीच नाही हे इथे मुबलक आहे.